गोधडीच्या पोटातली हवा

गोधडीचा विषय निघाला की बोलणारा हमखास हळवा होतो. आजीचं लुगडं, आईचं पातळ, मायेची ऊब असं करत करत बोलणं संपेपर्यंत गोधडी ही शिवायची वस्तू राहतच नाही, नुसती आठवायची वस्तू होऊन बसते. त्यात खोटं काही नाही. पण पाच थरांची गोधडी डिसेंबरातल्या पहाटे ऊब देते ती थरांच्या मधे अडकून पडलेल्या हवेमुळे. ती हवा तिथे नेमकी अडकवायची कशी, हे ज्यांना कळत होतं त्या बायकांचं कौतुक आपण भरपूर केलं, त्यांच्या हातातलं तंत्र मात्र फारसं कुणी विचारलं नाही. म्हणून या लेखात माया बाजूला ठेवून जरा तंत्राकडे पाहू.

आधी कापडाचा हिशोब. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट लांबी. पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. मोठ्या माणसाला अंगभर पुरेल अशी गोधडी पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब धरली, तर पाच-पाच फुटांचे दोन तुकडे काठाला काठ जोडून एक थर तयार होतो. एका लुगड्यातून असे पाच तुकडे निघतात, वर दोन फूट उरतात. म्हणजे एका लुगड्याचे अडीच थर आणि दोन लुगड्यांत पाच थरांची अख्खी गोधडी. उरलेले चार फूट ठिगळांना आणि कडेच्या पट्टीला. हा हिशोब कुठे लिहिलेला नसतो. वितीने, हाताने कापड मोजत तो मनातल्या मनात होतो, आणि सहावारी पातळ किंवा धोतर हाती आलं तर तिथल्या तिथे बदलतोही.

सगळे तुकडे सारख्या मोलाचे नसतात. लुगडं आधी विरतं ते बसायच्या भागात आणि काष्ट्याशी, कारण घासणं आणि ताण तिथे जास्त. पदर त्या मानाने शाबूत राहतो. त्यामुळे धडका भाग वरच्या आणि खालच्या थराला जातो, आणि विरलेला, ठिगळं लावलेला भाग पोटात. पोटातल्या कापडाला एखाददुसरं भोक असलं तरी चालतं. पथ्य एवढंच, की एका थरातलं भोक दुसऱ्या थरातल्या भोकावर येता कामा नये.

आता प्रश्न असा की जुनेरच का? गरिबी हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. हातात पैसे असले आणि नवं सुती कापड आणून गोधडी शिवायला बसलं, तरी ती चांगली होत नाही. नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते ताठ राहतं आणि पाच थरांतून सुई नेताना बोटं दुखून येतात. नवं कापड पहिल्या धुण्यांत आटतं, आणि वेगवेगळ्या मागांवरची कापडं वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. मग एक थर आवळतो, दुसरा ढिला राहतो आणि गोधडीला कुठे फुगे, कुठे चुण्या येतात. रंग जायचा असेल तर तोही तेव्हाच जाणार, शेजारच्या तुकड्यावर डाग पाडून. दहा वर्षं धुऊन वापरलेल्या लुगड्याचं हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. खळ गेलेली, आटायचं तेवढं आटलेलं, रंग सुटायचा तो सुटलेला. शिवाय धुऊन धुऊन सुताचा पीळ सैलावतो, वरची लव मोकळी होते आणि कापड मऊ पडतं. बाळाचं दुपटं मुद्दाम जुन्या पातळाचं करतात त्याचं कारण हेच. नव्या कापडाचा खरखरीतपणा तान्ह्या कातडीला सोसत नाही.

थर रचले की ते घट्ट ताणून अंगणात किंवा ओसरीवर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि लांब लांब टाके घालून टाचून घ्यायचे. हे टाचण म्हणजे निम्मी गोधडी. इथे हलगर्जी झाली की पुढची शिलाई कितीही सुबक असली तरी खालचा थर सरकतो. टाचण झाल्यावर शिवणारी बाई गोधडीवरच बसते. परदेशी पद्धतीच्या रजयांना कापड ताणून धरायला लाकडी चौकट लागते. इथे बाईचं स्वतःचं वजनच कापड ताणून धरतं, आणि दोघी-तिघी चारही बाजूंनी बसल्या तर चौकटीची गरजच उरत नाही.

टाका साधा, धावदोरा. भरतकामात सगळ्यात आधी शिकवतात तो. पण कुठून सुरू करायचं यात खुबी आहे. अनेक ठिकाणी गोधडी कडेने शिवायला घेतात, चारही कडांना फेरा पूर्ण झाला की बोटभर आत सरकून दुसरा फेरा, मग तिसरा, असं करत शिलाई मध्यावर येऊन संपते. काही ठिकाणी लांबीच्या दिशेने सरळ ओळी घालतात. दोरा दुहेरी, पण हातभरच लांब घ्यायचा. जास्त लांब घेतला तर तो गुंततो आणि पाच थरांतून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने झिजतो. प्रत्येक हातभर दोऱ्याची गाठ थरांच्या मधे लपवायची. याचा फायदा पुढे दिसतो: एखाद्या जागी दोरा तुटला तर उसवतं ते हातभरच, सगळी ओळ नाही.

किती काम होतं हे? ओळी दोन सेंटिमीटर अंतरावर धरल्या तर पाच बाय साडेसात फुटांच्या गोधडीत सुमारे १७० मीटर शिलाई भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाक्यांची संख्या १७,००० च्या आसपास जाते, आणि दोरा दुहेरी म्हणून साडेतीनशे मीटरच्या आसपास लागतो. दुपारचं जेवण उरकल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी जो काय वेळ मिळेल त्यात हे व्हायचं. पावसाळ्याआधीच्या उन्हाळी दुपारी त्यासाठी सगळ्यात सोयीच्या. शेतात काम कमी, आणि अंगण कोरडं.

आता त्या हवेकडे येऊ. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. कापसाचा धागा तिच्यापेक्षा बराच जास्त उष्णता वाहतो, आणि पाणी तर वीसपटीहून जास्त. म्हणजे पांघरुणात कापडाचं मुख्य काम हवेला हलू न देण्याचं. हवा मोकळी फिरली की ती अंगाजवळची उष्णता उचलते आणि निघून जाते. पातळ पातळ थरांत ती कोंडली की जागची हलत नाही. एकाच जाडीचं एक जाड कापड आणि पाच पातळ कापडं यांत पाच कापडं जास्त उबदार वाटतात ती यामुळे, कारण दर दोन कापडांच्या मधे हवेचा एक पापुद्रा असतो.

इथे धावदोऱ्याची आणखी एक करामत. प्रत्येक टाक्याशी दोरा किंचित ओढला जातो आणि कापडाला बारीक सुरकुती पडते. जुन्या, बऱ्याच वेळा धुतलेल्या गोधडीवर हात फिरवला तर ओळी-ओळींमधे छोटे उंचवटे लागतात. त्या उंचवट्यांखाली हवा असते. यंत्रावर शिवलेली गोधडी सपाट येते, कारण यंत्राचा टाका वरून एक आणि खालून एक असे दोन दोरे एकमेकांत अडकवून थर आवळून टाकतो. ती झटपट होते, दिसायलाही नीट दिसते. पण विरलेल्या कापडावर यंत्राची सुई जवळजवळ, सरळ रेषेत भोकं पाडत जाते, आणि काही वर्षांनी कापड नेमकं त्या रेषेवर फाटतं.

इतकं सगळं असूनही नुसत्या उबेचा हिशोब मांडला तर गोधडी रजईपुढे हरते, हे मान्य करायला हवं. रजईत पिंजलेला कापूस असतो, त्यात हवा कितीतरी जास्त मावते, आणि तेवढ्याच उबेला रजई हलकी पडते. मग महाराष्ट्रात घरोघरी गोधडीच का? एक तर इथली थंडी उत्तरेसारखी महिनोन्‌महिने हाडं गोठवत नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांच्या आसपास घसरतो खरा, पण ते थोडे दिवस. बाकी वर्षभर लागतं ते खाली अंथरायला आणि वर पांघरायला चालेल असं काहीतरी. रजई अंथरली तर कापूस दबतो. शिवाय तो आतल्या आत सरकून गोळे होतात, आणि दर काही वर्षांनी पिंजाऱ्याला बोलवावं लागतं. गोधडीत सरकायला सुटं काही नसतंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रजई ओढ्याच्या दगडावर आपटता येत नाही.

गोधडी येते. दसऱ्याच्या आधी घर झाडून-सारवून घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याला पश्चिम महाराष्ट्रात ‘दसरा काढणं’ म्हणतात. त्या आठवड्यात नदीचा काठ वाळत घातलेल्या गोधड्यांनी भरून जातो. ही वेळ ठरण्यामागे रिवाजाइतकंच हवामानही आहे. पावसाळ्यात पाच थरांचं कापड वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या गोधडीला कुबट वास धरतो. भाद्रपद सरता सरता नदीला पाणी भरपूर असतं आणि ऊनही कडक पडू लागलेलं असतं. तीन किलोची गोधडी भिजली की वजन दुपटीच्या वर जातं. ती पिळायला दोघी लागतात, दोन टोकांना उभ्या राहून उलट्या दिशांनी पीळ घालत. एरवी वर्षभर धुणं नाही, नुसतं ऊन दाखवायचं. त्यालाही अर्थ आहे: रात्रभरात अंगाची वाफ कापूस शोषून घेतो आणि उन्हात सोडून देतो. दमट अंथरुणात वाढणारे धुळीतले सूक्ष्म कीटक कोरड्या कापडात तग धरत नाहीत, आणि कोरडी गोधडी दमट गोधडीपेक्षा अर्थातच उबदार.

नावं मुलुखागणिक बदलतात. देशावर गोधडी, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, खाली कर्नाटकात कौदी, पार बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध-राजस्थानात रल्ली. सगळीकडे माल तोच, जुनं सुती कापड, आणि टाकाही तोच, धावदोरा. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणारे आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक जी ‘कवंदी’ शिवतात, तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ लावतात. फुलांवाचूनची कवंदी त्यांच्या लेखी अपुरी. उबेला त्या फुलांचा काडीचा उपयोग नाही, आणि मला ते फार आवडतं.

गोधडीचं बिनसलं ते कापडामुळे. साधारण १९७० च्या दशकापासून घरोघरी सिंथेटिक साड्या शिरल्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, रंग जात नाही; बायकांनी त्या घेतल्या ते शहाणपणानेच. पण पॉलिस्टर विरतच नाही, मग जुनेर होणार कसं? आणि झालं तरी ते वेगळ्या जातीचं. कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के बाष्प हवेतून धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे अशी गोधडी घामाने चिकट होते, थंडीत ठिणग्या उडवते आणि रात्री अंगावरून घसरून पडते. थर एकमेकांवर सरकतात म्हणून टाचणही दुप्पट करावं लागतं. दुसरीकडे बोहारणीशी स्पर्धा होतीच. चार साड्या दिल्या की स्टीलचं पातेलं मिळत असे, आणि नवं पातेलं दिसत असताना दोन महिने दुपारी वाकून शिवत बसायला कोण तयार होणार?

बैठ्या घरांतून ब्लॉकमधे आलेल्या मध्यमवर्गीय बायकांच्या हातात तोवर दुसरं काम आलं होतं, लोकरीच्या सुया आणि क्रोशा. गोधडीला जमिनीवर पाच फूट मोकळी जागा लागते, विणकामाला मांडी पुरते. लोकलमधे, दवाखान्याच्या बाकावर, मुलाच्या शिकवणीबाहेर, कुठेही. कापडाच्या बाबतीतही ते गोधडीच्या अगदी उलट्या टोकाचं. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे सरळ, ताठ असतात म्हणून ते ताणत नाही. विणलेल्या स्वेटरात सगळं वळणावळणाच्या फासांचं काम. एक फास ताणला की शेजारचे फास त्याला आपला थोडा धागा देतात. स्वेटर डोक्यातून घालता येतो तो त्यामुळे.

बाह्यांच्या आणि कमरेच्या पट्टीला ‘एक सुलट, एक उलट’ का घालतात, हे विणणारीला हातांनी माहीत असतं, पण कारण सहसा कुणी सांगत नाही. सुलट टाका किंचित पुढे येतो, उलट किंचित मागे जातो. आळीपाळीने घातले की उभ्या ओळी पेटीच्या भात्यासारख्या दुमडतात, ओढल्या की उघडतात आणि सोडल्या की मिटतात. पुढे सगळे सुलट आणि मागे सगळे उलट असं सपाट विणलं तर कडा गुंडाळत जातात, कारण दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. नवशिक्याचा मफलर नळीसारखा वळतो तो यामुळे. त्यात त्याच्या हाताचा दोष नाही.

काटकसरीत मात्र विणकाम गोधडीची सख्खी बहीण. अख्खा स्वेटर एकाच धाग्याचा, त्यामुळे मूल वाढलं की शेवटचं टोक शोधून तो सगळा उसवता येतो. उसवलेली लोकर नागमोडी राहते. तिची लड करून धुवायची, खाली थोडं वजन बांधून वाळवायची, की ती पुन्हा सरळ होते. मग तिच्यात एखादा नवा रंग मिसळून पुढच्या वर्षीचा स्वेटर. तीनदा विणलेली लोकर अनेक घरांत निघेल.

एक कानमंत्र इथेच. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख चुरता येते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही; ॲक्रिलिकला ते जमत नाही. बाळाच्या अंगाला लागणारं टोपडं विणायचं तर हा फरक महत्त्वाचा आहे, आणि चुलीजवळ वावरायचं असेल तर त्याहून जास्त.

क्रोशाचा इथला प्रवास बराचसा मिशनरी शाळांमधून झाला. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आणि तिथे निर्यातीचा मोठा धंदा उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मधे या लेस करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: माल परदेशी जातो, व्यापारी श्रीमंत होतात, पण विणणाऱ्या हजारो बायका ‘घरी बसलेल्या’ गृहिणी समजल्या जातात आणि त्यांचं काम फावल्या वेळेचं. म्हणून मोबदला नगण्य. आपल्याकडे टीव्हीवर घालायच्या क्रोशाच्या रुमालाबद्दल किंवा दारावरच्या तोरणाबद्दल ‘वेळ जात नव्हता म्हणून केलं’ असं ती बाई स्वतःच सांगते, तेव्हा तीही हाच हिशोब बोलत असते.

आता वारं फिरलं आहे. शहरांत ‘हँडमेड’ गोधडीला हजारांत किंमत येते, ती भिंतीवरही लागते. अमेरिकेत हे आधी घडलं. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका, कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांच्या वंशज, पिढ्यान्‌पिढ्या विटलेल्या डेनिमच्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवत होत्या. २००२ मधे त्यांचं प्रदर्शन आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भरलं, आणि समीक्षकांना त्यात आधुनिक चित्रकला दिसली. दिसली ते बरंच झालं. पण भिंतीवरची गोधडी कुणी धूत नाही, तिच्यावर कुणी झोपत नाही, आणि शिवणारीही मग हळूहळू वरच्याच थराचा विचार करू लागते. पोटात काय घातलंय ते गिऱ्हाईक विचारत नाही. दुकानातल्या अनेक गोधड्यांच्या पोटात हल्ली पॉलिस्टरचा तयार थर असतो. त्या हलक्या आणि फुगीर दिसतात, पण त्या खरं तर रजयाच.

आजच्या घरात शिवायची झाली तर सामान आहे, फक्त वेगळं आहे. लुगडी नाहीत, पण सुती ओढण्या, कुर्ते, लुंग्या, विरलेल्या चादरी निघतात. चादरीचा थर सगळ्यात सोयीचा, जोड द्यावा लागत नाही. टी-शर्टांचं कापड यंत्रावर विणलेलं असल्याने चहूकडे ताणतं. ते बाहेरच्या थराला लावलं तर गोधडी महिनाभरात वेडीवाकडी होते, पण दोन चादरींच्या मधे पोटात घातलं तर सुरेख काम देतं, कारण त्याच्या फासांत हवा भरपूर मावते. जीन्स घालायचा मोह टाळावा. हाताची सुई त्यातून सहजासहजी जात नाही. बटणं, चेन, जाड शिवणी कापून टाकाव्यात, नाहीतर त्या जागी वरचं कापड झिजतं. आणि दोरा सुतीच घ्यावा. नायलॉनचा दोरा टिकतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात, पण तो जुन्या कापडापेक्षा बळकट असतो आणि प्रत्येक ओढीला कापडच कापत जातो. सुती दोरा आधी तुटतो. मग तेवढं हातभर पुन्हा शिवायचं.